प्लास्टिकच्या विटा आणि वडिलांचा हात

माझ्या वडिलांचा हात थरथरतो, हे आमच्या घरात बावीस वर्षे सर्वांना ठाऊक होते. तो थरथरत नाही, हे फक्त दोघांना ठाऊक होते. त्यांना आणि मला. ही खोटी गोष्ट घरात मीच आणली. एका शनिवारी दुपारी, एका वाक्यात, आणि तीही अगदी मृदू स्वरात. मला ओळखणारे लोक मला सौम्य माणूस म्हणतात. त्या सौम्यपणाचा मी त्या दुपारी कसा उपयोग करून घेतला, ते आता पन्नाशी उलटल्यावर लिहून ठेवतो आहे.

वडील सरकारी छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात होते. येरवड्याला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांना कायम खळीचा वास येई. मैदा शिजवून केलेली खळ, तिला कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. कचेरीतून आल्यावर ते विहाराच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तके बांधायला बसत. आजोबांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर जी पहिली वस्तू विकत घेतली ती पुस्तक होती, असे वडील सांगत. यापलीकडे त्यांनी आपल्या कामाला काही मोठे नाव दिले नाही. कोणी 'केवढी सेवा' वगैरे म्हणू लागले, की ते म्हणत, "सेवा कसली, पुस्तक उघडं पडलेलं मला बघवत नाही."

त्यांचा हात हे त्या घराचे वैभव होते. दाभणाने वहीच्या घडीला भोक पाडताना ते खूण करत नसत. पाच भोके, सारख्या अंतरावर, दरवेळी. लहानपणी मी पट्टी लावून मोजून पाहिले आहे.

मी अभियंता झालो, आणि पुण्यात संगणकाच्या कंपन्या उभ्या राहू लागल्या त्या वर्षांत त्यांपैकी एकीत लागलो. लग्न झाले, मुलगी झाली. आई गेल्यावर वडील निवृत्त होऊन आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटवर राहायला आले. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणि हत्यारांची एक पत्र्याची पेटी आणली. पेटी जड होती. दर शनिवारी ते बसने येरवड्याला जात, विहारातून चार-सहा पुस्तके आणत आणि पुढच्या शनिवारी बांधून परत नेत.

शतक नुकतेच उलटले होते तेव्हा कंपनीने मला सात महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवले. परतताना मी मुलीसाठी प्लास्टिकच्या विटांचा एक मोठा खोका आणला. एकमेकांत दाबून बसवायच्या, खुंट्यांच्या, रंगीबेरंगी विटा. त्या काळी आमच्यापैकी जो कोणी परदेशातून येई, त्याच्या घरात एक चमत्कारिक रीत सुरू होई. आणलेली वस्तू वापरायची नाही, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडायची. रिमोटवरचे प्लास्टिक काढायचे नाही. अत्तराची रिकामी बाटलीसुद्धा ठेवायची. आमचेही कपाट तसेच होते. माझ्या मनात विटांचा खोकाही त्यातच जाणार होता, चित्राची बाजू पुढे करून.

वडिलांनी तो पहिल्याच दिवशी फरशीवर उपडा केला.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. संध्याकाळी दोघे भिंतीशी बसत आणि काहीतरी उभारत. रविवारी ते मोडायचे आणि सोमवारी नवे सुरू करायचे, असा त्यांचा नियम होता. वडील तिला 'सुपरवायझर साहेब' म्हणत.

"आजोबा, ही भिंत वाकडी आहे."

"साहेब, भिंत सरळ आहे. फरशी वाकडी आहे."

"तुम्ही नेहमी फरशीवर ढकलता."

"सरकारी नोकरी केली आहे मी. कोणावर ढकलायचं ते कळतं मला."

मी खुर्चीत बसून हे ऐकत असे आणि मला बरे वाटे. मला बरे वाटत होते, हेही सांगितले पाहिजे. पुढे जे झाले ते एखाद्या नाखूश घरात झाले, असे कोणी समजू नये.

मग एका सोमवारी त्यांनी वडिलांचा जुना बांधणी विभाग उभारायला घेतला. तीन आठवडे तो मोडला गेला नाही. नियम दोघांच्या संमतीने स्थगित झाला होता. लांबट खोली, सहा खिडक्या, त्यांना आरपार दिसणाऱ्या विटांच्या काचा. आत घडी घालायचे मेज, शिवणकामाची चौकट, पुस्तक दाबायचा शिकंजा, कापायचे यंत्र. प्रत्येक मेजाशी एकेक बाहुले. एकाला पांढरी टोपी होती, ते आजोबा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे छत. ते अख्खे उचलता येई. शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन होते. त्यात मुलगी छत उचलून कोरा कागद एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने पुस्तक होऊन कसा बाहेर पडतो, ते सांगणार होती. तिचे भाषण पाठ होते. आंघोळ करतानाही ती ते म्हणत असे.

अडचण एकच होती. एवढी वास्तू रिक्षातून शाळेपर्यंत नेली तर ती खड्ड्याखड्ड्याला सुटी होत जाणार. ती कायमची चिकटवणे भाग होते. मुलीला हे मान्य करायला दोन दिवस लागले, कारण चिकटवले की पुन्हा काही बांधता येणार नाही. शेवटी तिने अट घातली. "भिंती चिकटवा. छत नाही. आणि आजोबाच चिकटवतील."

वडिलांनी गोंदाची निवड एखाद्या सरकारी चौकशीसारखी केली. खोक्यातल्या जादा विटांच्या जोड्या लावून त्यांनी त्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडल्या. प्रत्येक जोडीखाली चिठ्ठी. कोणता गोंद, कोणत्या तारखेला लावला, किती. खळ आणि सरस त्यांनी आधीच बाद केले, कारण प्लास्टिक पाणी पीत नाही आणि न पिणाऱ्या वस्तूला ते धरत नाहीत. सुताराचा पांढरा गोंद वाळून पापडासारखा सुटून आला. पंक्चरवाल्याचे सोल्यूशन धरत असे, पण ओढले की रबरासारखे लांबे. दोन नळ्यांतले मिश्रण पक्के बसले, मात्र थर जाड राहिल्याने वरची वीट केसभर उचलली गेली. "एका विटेला केसभर. सहा थरांना मोज," वडील म्हणाले. क्षणात चिकटणाऱ्या द्रवाने विटेभोवती पांढरी भुकटी धरली, आणि कंबरेच्या उंचीवरून जोडी खाली टाकताच ती कटकन तुटली. वडील प्रत्येक जोडी अशी टाकून पाहत. खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आला, की आपल्या घरात काही पडते आहे का. वडिलांनी उलट निरोप पाठवला, "हो. पाडतो आहोत."

अखेर आम्ही दोघे शनिवार पेठेत पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. तीन पिढ्यांचे पाट्या रंगवणारे मुसलमान घराणे. आता रंग जाऊन ॲक्रिलिकची कापीव अक्षरे आली होती आणि दुकानात नव्या कंपन्यांच्या नावांचे तुकडे पसरले होते.

"काय चिकटवायचंय?" त्याने मान वर न करता विचारले.

"नातीचं खेळणं आहे," वडील म्हणाले. "प्लास्टिकचं."

"मग खेळू द्या की तिला. चिकटवल्यावर खेळणार काय?"

"शाळेत न्यायचंय."

"असं म्हणा. शाळेत सगळं चिकटलेलंच लागतं."

त्याने इंजेक्शनच्या सुईत पाण्यासारखा पातळ द्रव भरला आणि आम्ही नेलेल्या दोन विटांच्या सांध्याला सुई टेकवली. द्रव आपोआप आत ओढला गेला. "हा गोंद नाही, साहेब. दोन्ही बाजू जराशा वितळतात आणि एक होतात. मग सांधा राहतच नाही. थेंब एकच टाका. दुसरा टाकलात तर माझ्याकडे येऊ नका, त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही. आणि आरपार दिसणाऱ्या तुकड्यांना लावू नका. ते प्लास्टिक निराळं असतं, त्याला तडे जातात."

वडिलांना ही वस्तू पटली, पण आवडली नाही. द्रवाची बाटली आणि सुई घेऊन घरी येताना म्हणाले, "खळीनं चिकटवलेलं पुस्तक पन्नास वर्षांनीसुद्धा ओल्या फडक्यानं सुटतं. आपल्यानंतर जो बांधणारा येईल त्याची सोय ठेवावी लागते. ह्यात ती नाही. एकदा लावलं की लावलं." मग त्यांनी ठरवले ते असे; आठ दिवस चाचणीच्या जोड्या पाहायच्या, सगळे ठीक दिसले तर रविवारी नातीला शेजारी बसवून भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांना एकेक थेंब द्यायचा, खिडक्यांना आणि छताला हात लावायचा नाही. प्रदर्शन बुधवारी होते.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी आमच्या कंपनीच्या अमेरिकन ग्राहकांचा एक व्यवस्थापक रात्रीच्या जेवणासाठी आमच्या घरी यायचा होता. परदेशी पाहुणा कोणाकडे जेवायला जातो, यावर आमच्या कचेरीत बरेच काही अवलंबून असे, आणि मी तो मान खटपट करून मिळवला होता. सकाळी मुलगी शाळेत गेली, तिथून मैत्रिणीकडे जाणार होती. पत्नी टपाल खात्यात. तिची कचेरी होती. अकराच्या सुमाराला वडील पुस्तकांची पिशवी घेऊन येरवड्याला निघून गेले. मी दिवाणखाना आवरायला घेतला आणि माझ्या मनात आले, की फरशीवरचा तो छापखाना काचेच्या कपाटात किती शोभून दिसेल.

मी तो तळाच्या पाटीसकट उचलला. कपाटाच्या कप्प्यात सरकवताना तो थोडा तिरका झाला, छत घसरले आणि मागची भिंत दोन खिडक्यांसह सुटून खाली पडली.

मी ती पुन्हा बसवू शकलो असतो. वडील चारपर्यंत येणार होते. त्यांनी ती दहा मिनिटांत बसवली असती. परंतु मला त्यांना काही सांगायचे नव्हते, विचारायचेही नव्हते. सात महिने परदेशात राहून आलेल्या माणसाला प्लास्टिकला प्लास्टिक चिकटवता येऊ नये, असे मला वाटत नव्हते. कट्ट्यावर बाटली होती, सुई होती. मी विटा बसवल्या आणि सांध्यांवर द्रव सोडला. एक थेंब दिसतच नाही, म्हणून दुसरा. तो खिडक्यांवरून ओघळला. मी फडक्याने पुसायला गेलो तर फडक्याचे धागे विटेला चिकटून राहिले. छत हलू नये म्हणून मी त्याच्याही चारही कडांना द्रव लावला. पाहुण्याने हात लावला तर पुन्हा घसरायला नको.

पाच मिनिटांत सगळे एक झाले. खिडक्यांवर जाळीसारखे तडे उमटले आणि काचा दुधी पडल्या. छत उचलून पाहिले, तर अख्खा छापखाना हातात आला. मी तो कानाशी हलवला. आत एक बाहुले सुटून खुडखुडत होते. तडा न गेलेल्या एका कोपऱ्यातून पाहिले, तेव्हा पांढऱ्या टोपीचे बाहुले मेजाखाली पालथे पडलेले दिसले.

तीन वाजता मुलगी आली. तिने दप्तर न काढताच कपाटाकडे पाहिले, कपाट उघडले आणि छताला हात घातला. ती रडली नाही. छताच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत नखाने फट शोधत राहिली.

"पप्पा, हे कोणी केलं?"

माझ्या मुलीचा हा प्रश्न माझ्याकडे रागाने आलेला नव्हता. ती मला विचारत होती कारण मी घरात होतो. त्या प्रश्नाला 'मी' हे एकच उत्तर होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आजोबांवर रागावू नकोस हं. वय झालंय त्यांचं. हात हलतो हल्ली."

शब्द माझ्या तोंडून किती सहज गेले, याचे मला त्या क्षणीही आश्चर्य वाटले. मी वडिलांवर नुसता आरोप केला नव्हता. त्यांच्या वतीने क्षमाही मागून घेतली होती.

वडील चारच्या सुमाराला आले. एक चप्पल काढून झाली होती, एक पायात होती, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आजोबा, छत उघडत नाही. तुम्ही उद्यापर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?"

त्यांनी पुस्तकांची पिशवी खाली ठेवली.

"पप्पा म्हणाले, तुमचा हात हलतो. मग मला सांगायचं ना. मी धरलं असतं."

त्यांनी कपाटाकडे पाहिले. मग माझ्याकडे. माझ्या उजव्या हाताची बोटे त्या द्रवाने पांढरी पडून सुरकुतली होती, आणि मी ती खिशात घातली नव्हती. तेवढे सुचले नाही. त्यांनी बोटे पाहिली. दुसरी चप्पल काढली, दोन्ही जोडून भिंतीशी ठेवल्या.

"असेल," ते म्हणाले. "हलला असेल."

संध्याकाळी पाहुणा आला. कपाटापाशी थांबून त्याने छापखान्याचे मनापासून कौतुक केले आणि विचारले, की छत उघडते का. मी म्हणालो, "नाही, ते पक्कं आहे." वडील आतल्या खोलीत जेवले. बुधवारी मुलगी प्रदर्शनाला पानाफुलांचा तक्ता घेऊन गेली. भाषण तिने पुन्हा म्हटले नाही.

एका खोट्या वाक्याचे घरात काय काय होते, हे मी नंतरच्या वर्षांत पाहत गेलो. पत्नीने त्याच आठवड्यापासून वडिलांना चहा अर्धा कप द्यायला सुरुवात केली, सांडू नये म्हणून. दाढीचे जुने पाते जाऊन सुरक्षित यंत्र आले. विहाराच्या ग्रंथपालांना तिनेच फोन केला, "बाबांचा हात थरथरतो हो हल्ली, ते स्वतः सांगणार नाहीत, पुस्तकं नका देऊ." यात तिची माया होती, आणि ती चुकत होती ती केवळ माझ्यावर विश्वास ठेवल्यामुळे. पुढच्या शनिवारी वडील रिकामी पिशवी घेऊन परत आले. त्यांनी ती घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. मुलगी त्यांच्यावर फार दिवस रागावली नाही, पण फरशीवर पुन्हा बसली नाही. तीही त्यांना जपू लागली. "आजोबा, राहू द्या, मी करते." हे वाक्य तिने कॉलेजात जाईपर्यंत, पुढे नोकरीला लागेपर्यंत, इतक्या वेळा म्हटले, की त्यात आता ऐकण्यासारखे काही उरले नव्हते. सुईत दोरा ओवायचा असला तरी घरात कोणी त्यांना विचारत नसे. आणि ते 'माझा हात ठीक आहे' असे एकदाही म्हणाले नाहीत.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही विहारात जात असू. पंचशील म्हणताना मी त्यांच्या शेजारी बसत असे. खोटे न बोलण्याचे शील चौथे आहे. ते जवळ आले की मी आवाज खाली आणी. समुदायात ते कोणाला कळत नाही. त्यांचा आवाज होता तसाच राही. मी दोनदा सांगण्याचे ठरवले होते. एकदा मुलगी बारावी झाली तेव्हा, एकदा आम्ही नारायण पेठेतले घर सोडून मोठ्या घरात गेलो तेव्हा. सामान हलवताना तो छापखाना हमालाच्या हातून जिन्यात पडला आणि दुभंगला, आणि मला, लिहायला लाज वाटते, सुटल्यासारखे झाले. दोन्ही वेळा न सांगण्याचे मी स्वतःला एकच कारण दिले. इतक्या जुन्या गोष्टीने आता कोणाला दुखवायचे. ज्याला रोज दुखत होते तो माझ्या समोर अर्धा कप चहा पीत बसलेला असे.

गेल्या हिवाळ्यात वडिलांना दोन-तीनदा चक्कर आली. ते आता पंच्याऐंशीचे आहेत. डॉक्टरांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. मुलगी, जी आता एका संगणक कंपनीत आहे आणि अर्धा आठवडा घरून काम करते, सुट्टी घेऊन बरोबर आली. अर्ज तिनेच भरला. त्यात एका रकान्यात लिहिले, 'उजव्या हाताला कंप, बावीस वर्षे'.

डॉक्टर तरुण बाई होत्या. अर्ज वाचून त्यांनी वडिलांपुढे कोरा कागद ठेवला. "आजोबा, मध्यापासून सुरू करून असं गोल गोल बाहेर काढत या. टेबलावर मनगट टेकवायचं नाही."

वडिलांनी चष्मा पुसला. पेन धरले, आणि मनगट अधांतरी ठेवून एका दमात भोवरा काढला. सात वेढे. दोन वेढ्यांमधले अंतर कुठेही कमी-जास्त नव्हते. डॉक्टरांनी मग एक काठोकाठ भरलेला पेला दिला आणि दुसऱ्यात ओतायला सांगितले. टेबल कोरडे राहिले.

"कंप कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"आहे, डॉक्टर," मुलगी म्हणाली. "ॲक्च्युअली मी लहान असल्यापासून आहे. तेव्हा तर खूपच होता."

"हा हात तेव्हा थरथरत असता, तर आज असा राहिला नसता. कोणी निदान केलं होतं?"

मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. तिला कारणच नव्हते. तिने वडिलांकडे पाहिले. "आजोबा?"

"घरात तसं मानतात," वडील म्हणाले. "मी आड आलो नाही."

डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, की चक्कर कानामुळे आहे, गोळ्यांनी जाईल. तो कागद त्यांनी फाइलला लावला, पण मुलीने तो मागून घेतला. रिक्षात ती तो मांडीवर ठेवून पाहत होती. संगम पुलापाशी एकदा म्हणाली, "पप्पा, मग त्या वेळी छत कसं काय..." आणि वाक्य सोडून दिले. तिला हिशेब लागत नव्हता, कारण त्यातला एक आकडा ती कधीही बदलून पाहणार नव्हती. तो आकडा मी होतो. त्या रिक्षात मला कळले, की मी आता गप्प बसलो तर ती स्वतःच्या लहानपणाच्या आठवणीवर संशय घेईल, पण माझ्यावर घेणार नाही.

त्या दुपारी घरी पोहोचल्यावर मी खरे सांगून टाकले. त्यानंतर काय झाले ते आधी सांगतो, कारण शेवटी जे सांगायचे आहे त्यापुढे मला काही लिहिता येणार नाही.

मुलगी बारा दिवस माझ्याशी कामापुरते बोलली. तेराव्या दिवशी रविवार होता. ती वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसली होती, मध्ये विहाराचे एक खिळखिळे झालेले पुस्तक, आणि तिने मान वर न करता मला म्हटले, "पप्पा, हे दोऱ्याचं टोक धरा." मी धरले. तासभर धरले. "साहेब, टाका ढिला आहे," वडील तिला म्हणाले. "फरशी वाकडी आहे," ती म्हणाली. पत्नीने वडिलांना पहिल्या दिवशी काठोकाठ कप दिला, तेव्हा त्यांच्याकडून बशीत दोन थेंब सांडले. "सवय गेली," ते म्हणाले, आणि दुसरा कप मागितला. ग्रंथपाल बदलले आहेत. नव्या ग्रंथपालांना वडिलांनी स्वतः जाऊन सांगितले, की जी पुस्तके कोणी घेत नाही ती आधी द्या. महिन्याला चार होतात. डोळे लवकर थकतात, हात थकत नाही.

मी त्यांना एकदा विचारलेही, की त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत. ते म्हणाले, "तिला एक बाप होता, एक आजा होता. आजा नातीला परत मिळतो. खोटं बोलणारा बाप नवव्या वर्षी कळला तर जड जातं." मग म्हणाले, "पण तू एवढा वेळ लावशील असं वाटलं नव्हतं."

आता त्या दुपारचे.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पत्नी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. वडील नेहमीच्या खुर्चीत बसले. मुलीने तो कागद टेबलावर ठेवला आणि आईला सांगू लागली, की डॉक्टर काय म्हणाल्या. पत्नी अर्धा कप घेऊन बाहेर आली. मी उभाच होतो. मी त्यांच्या खुर्चीसमोर खाली बसलो, आणि माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कारण मला भीती वाटत होती की मी पुन्हा मृदू बोलेन.

"बाबा, छत मी चिकटवलं होतं. तुम्ही विहारात गेला होता, घरात मी एकटाच होतो. मी ते कपाटात ठेवायला गेलो, माझ्या हातून भिंत पडली, आणि मी सगळ्यावर ते रसायन ओतलं. हिनं विचारलं तेव्हा मी हिच्या डोक्यावर हात ठेवून तुमचं नाव सांगितलं. तुमचा हात हलतो, हे मी बनवलं. तो कधीच हलला नाही. तुम्ही घरी आलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं, तरी मी बावीस वर्षं तुम्हाला अर्धा चहा पिऊ दिला. तुमचं काम मी काढून घेतलं. बाळा, तू आजोबांवर रागावलीस ते माझ्यामुळे, आणि तुझी आईही फसली ती माझ्यामुळेच. बाबा, मी चुकलो. मला क्षमा करा."